गोड्या पाण्याची भिंगरी

हट्टी माणसाशी भांडता येतं. माझा नवरा नुसता हट्टी असता तर मी कधीच जिंकले असते. जोकिमची तऱ्हा वेगळी. तो कशालाच नाही म्हणत नाही. तो ‘बघू’ म्हणतो. घराला रंग काढायचा? बघू. दात दाखवायचा? बघू. इतक्या वर्षांच्या संसारात मी एवढंच शिकले, की ह्या माणसाच्या ‘बघू’पुढे प्रत्यक्ष देवा-सायबाचंही काही चालत नाही.

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात हे ‘बघू’ माझ्या गळ्याशी आलं. मे महिन्यात आमचे कॅनडाचे कागद आले. जोकिम दुबईत रास अल खोरला एका वर्कशॉपमध्ये पंपांचे पार्ट बनवायचा. लेथ, मिलिंग, डाय, सगळ्यात हात बसलेला. अशा कामाची माणसं तिकडे हवी होती म्हणून आमचं लवकर झालं. पण व्हिसावर स्पष्ट छापलेलं होतं, की ऑक्टोबर संपायच्या आत तिथे पाय ठेवा, नाहीतर सगळं खलास. म्हणजे परत अर्ज, परत मेडिकल, परत वाट बघत बसा. जोकिमने पन्नाशी ओलांडलेली, परत आम्हाला कोण घेणार?

आणि आमचा एकुलता एक जेसन तिकडे विनिपेगला. कॉलेजसाठी गेला आणि तिथेच एका मोठ्या गोदामात कॉम्प्युटरवर नोकरीला लागला. दर शुक्रवारी फोन करायचा. जेवलास का विचारलं की म्हणायचा, ‘येस मॉम, सँडविच.’ काल काय जेवलास, तर तेही सँडविच. पोरगं एकटं पडलं होतं. आईला ते आवाजावरून कळतं, त्याला डॉक्टर लागत नाही. मला ऑक्टोबरच्या आत त्याच्याजवळ पोचायचं होतं, आणि नवऱ्याला सोबत घेऊन पोचायचं होतं. माझं मागणं एवढंच होतं.

जोकिमचं म्हणणं काय, तर तिथे समुद्र नाही.

आता हे ऐकून हसू येईल, पण तो वसईच्या पाचूबंदरचा, कोळीवाड्यातला. त्यांच्याकडे मूल आधी होडीत बसतं, मग चालायला शिकतं. दुबईत आला, देऱ्यात भाड्याने फ्लॅट घेतला तोही असा, की शुक्रवारी सकाळचा चर्चमधला मिस्सा झाला की तडक समुद्रकाठी कॉर्निशच्या दगडांवर गळ टाकून बसता यावं. शेरी, हमूर, नशीब असेल तर सुरमई. घरी आणून स्वतः साफ करायचा. मासा कापताना मला किचनमध्ये उभं राहू द्यायचा नाही. मी म्हणायची, बरंच आहे, माझे हात वाचले.

मी त्याच्यापुढे नकाशा पसरला. म्हटलं, बघ, हे लेक विनिपेग. आपल्या अख्ख्या ठाणे जिल्ह्यापेक्षा मोठं आहे. ह्याला समुद्र म्हण आणि मोकळा हो. तो म्हणाला, ‘गोडं पाणी.’ असं म्हणाला, जसं काही मी त्याला गटार दाखवत होते. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे चिखल, आणि चिखलाला कितीही मसाला चोळला तरी तो चिखलच, हे त्याचं ठाम मत. मी गिरिजची, केळीच्या वाडीत वाढलेली. आमच्या बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, आम्ही भावंडं काठीला दोरा बांधून, गांडूळ लावून मासे धरायचो आणि आई त्याचं आंबट करायची. लग्न झाल्यापासून हा माणूस मला त्यावरून चिडवत आलाय. बावखलवाली. माझ्या माहेरच्या माणसांसमोरसुद्धा म्हणतो.

जूनमध्ये एका शुक्रवारी जेसन फोनवर जरा जास्त बोलला. त्याच्या ऑफिसातली चारपाच जणं त्याला तळ्यावर घेऊन गेली होती. वॉलआय नावाचा मासा असतो तिकडे, त्याच्यासाठी. बोटीतल्या सगळ्यांना लागला, ह्याला नाही. ‘आय वॉज द ओन्ली वन, मॉम,’ म्हणाला आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही. तिकडचे लोक काय वापरतात ते डॅडला बघायला पाठवतो म्हणाला, डॅडला गंमत वाटेल. मी फोन जोकिमला दिला. दोघांनी एकमेकांना हाऊ आर यू, फाइन, फाइन केलं आणि फोन परत माझ्याकडे आला. बाप-लेकाचं बोलणं नेहमी असंच, माझा चहाचा घोट संपायच्या आत संपणारं.

पाकीट आलं. आत हातभर नायलॉनचा दोरा, टोकाला एकामागे एक बांधलेले दोन बारीक गळ. गळांच्या वर पाचसहा रंगीत मणी ओवलेले आणि मण्यांच्या वर अंगठ्याच्या नखाएवढं चकचकीत पातं. पाण्यातून ओढलं की ते पातं मण्यांवर टेकून गरगर फिरतं. गळांना गांडूळ लावायचं. मासा पात्याची चमक बघून जवळ येतो आणि गांडूळ गिळतो. इंग्रजीत त्याला स्पिनर म्हणतात. मी बघताक्षणी त्याचं नाव भिंगरी ठेवलं.

जोकिमने ती दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली. ‘ह्याला काय म्हणायचं? कानातलं?’

फ्रीजवर ठेवून दिली. पण ठेवण्याआधी त्याने गाठ बघितली, ती मी बघितली. नाक मुरडलं. पात्याचं भोक नीट घासलेलं नाही, म्हणाला, दोरा कापला जाणार. मग वर्तमानपत्र उघडलं. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

माझ्या नवऱ्याचं एक आहे. त्याला वाईट काम बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी गेला की त्यांच्या कपाटाचं दार लागत नसेल तर स्क्रूड्रायव्हर मागतो. माझ्या भाचीच्या लग्नात नवरानवरी केक कापत होते आणि हा स्टेजच्या पायऱ्यांखाली पाचर ठोकत बसला होता, कारण पायरी हलत होती. अशा माणसाला बोलून काही होत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्यापुढे वाईट काम करून दाखवायचं.

मी देऱ्यातल्या एका हॉटेलात लिननरूमची सुपरवायझर. चादरी, टॉवेल, वेटर लोकांचे युनिफॉर्म, सगळं माझ्या हाताखालून जायचं. सुईदोऱ्यात माझा हात धरणारं अख्ख्या हॉटेलात कोणी नव्हतं, हे मी बढाई म्हणून नाही, माहिती म्हणून सांगते. किचनवाल्यांकडून मी वाकलेले, कंडेम केलेले चमचे मागून आणले. नाइफ सूकच्या बाजारातून मण्यांच्या माळा आणल्या, लाल, पोपटी, नारिंगी. आणि एका गुरुवारी संध्याकाळी डायनिंग टेबलावर पसारा मांडून बसले.

चमच्याला खिळ्याने भोक पाडायला घेतलं. खिळा तिरका धरला. हातोडी चुकवली. मणी ओवले ते दोन मोठे, एक लहान, मग परत मोठा. गाठ अशी मारली की बघून मलाच लाज वाटली. जोकिम वर्तमानपत्रामागे. ठाक. ठाक. पान उलटलं. ठाक. मग विचारलं, काय चाललंय. म्हटलं, जेसनला भिंगऱ्या पाठवतेय. पोराला मासा लागत नाही, बापाला पडलेली नाही, तेव्हा आईने काहीतरी केलं पाहिजे. त्याने मान वर करून टेबलाकडे बघितलं आणि परत खाली घातली. मी दुसरा चमचा घेतला. ह्या वेळी खिळा घसरला आणि टेबलावर ओरखडा आला. तो ओरखडा मात्र खरा, तो मी मुद्दाम नव्हता काढला.

‘आण इकडे,’ जोकिम म्हणाला.

झालं, आता हा माणूस माझ्या खिशात, असं मला वाटलं. पुढच्या गुरुवारी वर्कशॉपमधून येताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. उघडला तर आत भिंगऱ्याच भिंगऱ्या. काम म्हणाल तर आरसा. चमच्याची पाती गोल कापून, कडा घासून, पॉलिश करून लखलखीत केलेली. पण पाती जाड स्टीलची. दोऱ्याच्या जागी स्टीलची तार. आणि गळ सुरमईचे, माझ्या करंगळीएवढे. मी म्हटलं, जोकिम, हे बघून तळ्यातला मासा कोर्टात जाईल. तो म्हणाला, मासा तो मासा, सुरमई दोरा तोडते, उगाच रिस्क नको. म्हटलं, तिथे सुरमई नाही. तो म्हणाला, आडदांड मासा सगळीकडे असतो. समुद्राच्या माणसाला बारीक काही करताच येत नाही. त्याला वाटतं, पाणी म्हटलं की त्यात दात असणारच.

शुक्रवारी जेसनला सांगितलं. तो जरा घुटमळला, मग म्हणाला की तिकडे बोट अगदी हळू चालवतात, माणूस रमतगमत चालतो तशी. ‘इट हॅज टू स्पिन व्हेन यू गो रिअली स्लो.’ मी तसं जोकिमला सांगितलं. जोकिम म्हणाला, फिरेल. मी म्हटलं, दाखव. समुद्रात लाटा, तिथे कळणार नाही, बाथटब तोकडा. म्हटलं, आमच्या हॉटेलचा स्विमिंग पूल आहे.

पुलावर जहूर होता, कराचीचा, पुलाचं सगळं बघायचा. त्याचे टॉवेल मी नेहमी आधी धुऊन द्यायची, त्यामुळे तो मला कशाला नाही म्हणत नसे. गेस्ट यायच्या आधी सकाळी आम्ही गेलो. जोकिम इस्त्रीच्या शर्टात, हातात गळाची काठी. भिंगरी पाण्यात सोडली आणि कडेकडेने चालू लागला. पाणी निळं आणि स्वच्छ, सगळं दिसत होतं. भिंगरी सरळ तळाशी गेली आणि तळावरून फरफटत निघाली. पातं हलेना. जोकिमने चाल वाढवली. पातं एकदा कुशीवर वळलं आणि परत झोपलं. त्याने आणखी वाढवली. शेवटी माझा नवरा, वर्कशॉपचा फोरमन, चर्चच्या गायनमंडळातला बास, पुलाच्या कडेने पळत सुटला. तेव्हा कुठे पातं फिरलं.

जहूरने तोंडावर टॉवेल धरला. मी मात्र नाही हो तेवढी सभ्य, मी खुर्चीवर बसून पोट धरून हसले. जोकिम धापा टाकत परत आला, भिंगरी गुंडाळली आणि खिशात टाकली. घरापाशी टॅक्सीतून उतरताना एवढंच म्हणाला, ‘पातं जड आहे.’

त्या दिवसापासून त्याचं जे सुरू झालं ते विचारू नका. वर्कशॉपमधून पितळेचा पातळ पत्रा आला, कागदाइतका. लाकडाच्या ठोकळ्यात छोटीशी खळगी कोरली. पत्र्याची चकती त्यात ठेवायची आणि बारीक हातोडीने टुकटुक ठोकून तिला वाटीसारखा खोलगटपणा आणायचा. जास्त खोल झाली तर हळू फिरते, कमी झाली तर फिरतच नाही. स्टीलची तार गेली, तिच्या जागी नायलॉनचा दोरा आला. गळ बारीक आले. पात्याला दोऱ्यावर धरायला तारेची इवलीशी कमान केली, त्यातही तीनदा रद्द. मणी मी निवडून द्यायची, एकसारखे, कारण मणी लहानमोठे असले की पातं अडखळतं. ऑगस्टचा महिना, बाहेर शेगडी पेटलेली, आणि आम्ही दोघं एसीखाली टेबलाशी, मधे मण्यांच्या बशा.

एका शुक्रवारी मिस्सा झाल्यावर तो कॉर्निशवर गेलाच नाही. सरळ घरी येऊन ठोकळा घेऊन बसला. मी मनात म्हटलं, गड आला. चहा दिला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, मग खैरुद्दीनला तिकिटांचं सांगू? खैरुद्दीन आमचा ट्रॅव्हलवाला, ऑक्टोबरच्या दोन सीट धरून बसलेला.

जोकिम म्हणाला, ‘बघू.’

मग मात्र माझा तोल गेला. जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, तिथे पोरगं सँडविच खाऊन जगतंय आणि ह्या माणसाला मासा खारट पाण्यातला हवा. म्हटलं, तुला समुद्र एवढा प्यारा आहे ना, मग दगडावरच चटई टाक. सगळं ऐकून घेतलं त्याने. पात्यावर टुक, टुक चालूच. मग हातोडी खाली ठेवली.

‘पॉलिन, त्या दिवशी तू मुद्दाम वाकडं भोक पाडत होतीस.’

मी मण्यांची बशी उगाच सरकवली.

‘तुझ्या हाताला वाकडं येत नाही. मला काय माहीत नाही? तरी बसलो. म्हटलं, पोरासाठी करतेय, करू दे.’ त्याने पातं उचलून बघितलं, परत ठेवलं. ‘मासा नाही गं. इथे काही अडलं की म्हणतात, जोकिमला बोलवा. मशीन अरबाचं असो, जर्मनचं असो, जोकिमला बोलवा. तिथे मला कोण बोलावणार? ह्या वयात पोरासोरांसमोर परीक्षा देत फिरू? आणि जेसन. त्याला तरी माझं काय लागतं? हाऊ आर यू म्हणतो आणि फोन तुला द्यायला सांगतो.’

मला रडू आलं आणि त्याच वेळी त्याचा असा राग आला, की समोरची बशी उचलून आपटावीशी वाटली. इतके महिने मी तळी दाखवतेय, नकाशे दाखवतेय, आणि घोडं अडलंय भलतीकडेच. तुझी गरज आहे म्हणणं सोपं असतं. पण तो खोटी गाठ ओळखतो, खोटा शब्द ओळखणार नाही का? मी नुसती त्याच्या शेजारी बसले आणि मणी निवडत राहिले.

पितळेच्या भिंगऱ्या झाल्या. परत पूल, परत जहूर. ह्या वेळी जोकिम चालला तो क्रूसामागे मिरवणुकीत चालतात तसा, पाऊल टाकायचं, थांबायचं, पाऊल टाकायचं. आणि पाण्यात पातं फिरत होतं. टोकापर्यंत गेला, वळला, परत आला, पातं एकदाही थांबलं नाही. जहूर माशाल्ला म्हणाला. जोकिमने शर्टाची कॉलर सरळ केली. माझ्या नवऱ्याने कॉलर सरळ केली की समजायचं, तो खूश आहे.

चर्चमधलं एक कुटुंब सुट्टीवरून टोरंटोला परत चाललं होतं, त्यांच्याबरोबर डबा पाठवला. तिथून पुढे पोस्टाने. आणि मग घरात एकदम शांतता झाली. ठोकळा कपाटात गेला. जोकिम परत शुक्रवारी दगडांवर जायला लागला. सप्टेंबर उजाडला, खैरुद्दीनचे रोज फोन, भाभीजी, सीट छोड दूँ क्या? मी म्हणायची, खबरदार, दोन म्हणजे दोन. बोलताना आवाज खणखणीत ठेवायची. फोन ठेवला की कॅलेंडरवरचे दिवस मोजायची.

एका रात्री जेवताना जोकिम म्हणाला, तू जा ऑक्टोबरमध्ये, मी वर्कशॉपचं आटपून मागून येतो. ऑक्टोबरनंतर ‘मागून’ नव्हतंच काही, हे त्यालाही माहीत होतं. त्याने एवढ्या महिन्यांत व्हिसावरची तारीख एकदाही विचारली नव्हती. मी ताट उचललं आणि आत गेले. नवऱ्याला सोडून पोराकडे जाऊ की पोराला सोडून नवऱ्याकडे राहू, हा विचार करून करून माझं डोकं भणभणायचं. पण हरायची मला सवय नाही. मी कोटसुद्धा विकत घेतला होता, चांगला जाड लोकरीचा, सेलमध्ये.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं कामाला निघत होतो आणि फोन वाजला. सोमवारी जेसनचा फोन कधी येत नाही. उचलला तर म्हणाला, ‘मॉम, गिव्ह मी डॅड.’

असं त्याने ह्याआधी कधी म्हटलं नव्हतं. मी स्पीकरचं बटण दाबलं आणि बुटांच्या फळीशी उभ्या असलेल्या जोकिमला खूण केली.

जेसन सुसाट सुटला. तळ्यावर गेला होता, रविवारी, त्याच लोकांबरोबर. सगळ्यांच्या दुकानातल्या भिंगऱ्या आणि ह्याची डॅडची, पोपटी आणि लाल मण्यांची. सकाळभर बोटीत कोणाला काही नाही आणि ह्याच्या दोरीला एवढा मोठा वॉलआय, अख्ख्या हाताएवढा. बाकीचे विचारत होते, कुठे मिळतं हे. जोकिमने मधेच विचारलं, बोट हळू असताना पातं फिरत होतं का? ‘येस डॅड. सुपर स्लो.’ जोकिमने कॉलर सरळ केली.

मी मागून ओरडले, कसा केलास रे? तळलास का? मसाला होता का घरात?

जेसन म्हणाला, ‘आय लेट इट गो.’

जोकिमला आधी कळलंच नाही. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सोडून दिला म्हणतोय. पाण्यात. जिवंत.

देवा सायबा. त्यानंतर माझ्या नवऱ्याच्या तोंडून जे निघालं ते मी इथे सांगत नाही, कारण अर्धं पाचूबंदरच्या बोलीत होतं आणि अर्धं चर्चमध्ये चालणार नाही. मतलब असा, की त्याच्या बापाने, आज्याने, पणज्याने मासा कधी सोडला तर तो फक्त जाळं फाटलं म्हणून. हातात आलेलं अन्न पाण्यात टाकणारा त्यांच्या घराण्यात हा पहिलाच. जेसन म्हणत होता, तिकडे बरेच लोक सोडतात, डॅड, इट्स नॉर्मल. जोकिम म्हणाला, नॉर्मल गेलं खड्ड्यात, एक मासा पोटाला ठेवता येत नाही?

जेसन हळूच बोलला, लहान असताना बोलायचा तसा.

‘आय डिडन्ट नो हाऊ टू क्लीन इट, डॅड. यू ऑलवेज डिड इट.’

जोकिम बुटांच्या फळीवर बसला. एक बूट पायात, एक हातात. मी त्याच्याकडे बघितलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली, कारण त्याचे डोळे भरले होते आणि ते मी बघितलेलं त्याला आवडलं नसतं.

‘हे बघ,’ तो म्हणाला, ‘आधी खवलं काढायची. शेपटीकडून डोक्याकडे. मग पोटाखाली सुरी...’ आणि थांबला. हाताने हवेत काहीतरी दाखवत होता, फोनला कुठे दिसतंय? ‘फोनवर नाही सांगता येत. तुझ्यापुढे करून दाखवायला पाहिजे.’

‘ओके, डॅड.’

‘पुढचा लागला की सोडू नको. दोरीला बांधून पाण्यात जिवंत ठेव. मी येतोय.’

‘व्हेन?’

जोकिमने माझ्याकडे बघितलं. ‘व्हिसावर तारीख काय आहे, पॉलिन?’

मला तोंडपाठ होती. मी सांगितली. त्याच दुपारी लिननरूममधून मी खैरुद्दीनला फोन लावला. तो म्हणाला, भाभीजी, पक्का? म्हटलं, पक्का.

बॅगा भरताना जोकिमने कपाटाच्या तळातून आमची मोरली, म्हणजे विळी काढली, वसईहून आणलेली, लग्नातली. लाकडी पाट, वर लोखंडी पातं. सुरीने मासा कापायचा तो गोऱ्यांनी, म्हणाला, पोराला शिकवायचं तर नीट शिकवायचं. जुन्या चादरीत गुंडाळली, पण ती कुठल्याच बॅगेत बसेना. म्हटलं, ठेव इथे, तिकडे सुरी घेऊ. जोकिम म्हणाला, बघू. मी बॅगेतला माझा लोकरीचा कोट काढला आणि अंगात घातला. दुबईच्या उकाड्यात एअरपोर्टपर्यंत घामाघूम होऊन गेले, टॅक्सीवाला आरशातून परत परत बघत होता. पण मोरली बसली.